आरोग्यसेवा संशोधनातील पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती

आरोग्यसेवा संशोधनातील पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती ही पीएच.डी. किंवा वैद्यकशास्त्रातील एम.डी., एम.एस. यांसारखी उच्च पदवी संपादन केलेल्या संशोधकाला ठरावीक मुदतीसाठी मिळणारी, विद्यावेतनासह प्रशिक्षणाची संधी होय. 'पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप' या नावाने ती अधिक परिचित आहे. या काळात संशोधक अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दवाखाने, रुग्णालये, गावे आणि आरोग्य विभागाच्या नोंदी यांच्या सान्निध्यात प्रत्यक्ष काम करून संशोधन शिकतो. हे शिक्षण मुख्यतः वर्गाबाहेर होते, हे या अधिछात्रवृत्तीचे वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्रात या प्रकारच्या कामाची परंपरा जामखेड, मांडवा, वढू आणि गडचिरोली येथील प्रकल्पांपर्यंत मागे नेता येते. सिंधुदुर्गासारखा किनारी आणि सीमावर्ती जिल्हा या विद्याशाखेचे प्रश्न समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे.

आरोग्यसेवा संशोधन : अर्थ आणि व्याप्ती

वैद्यकीय संशोधन रोगाचे कारण आणि उपाय शोधते. तो उपाय ज्याला हवा त्याच्यापर्यंत वेळेवर, परवडेल अशा खर्चात आणि योग्य गुणवत्तेने पोहोचतो का, पोहोचत नसल्यास नेमका कोठे अडतो, याचा शोध आरोग्यसेवा संशोधन घेते.

कोकणातील एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, असे दाखवले. त्यांचा लेख १९८६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे रुग्णचिकित्सेचे संशोधन झाले. परंतु ते औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यातही उपलब्ध असते का, रात्रपाळीच्या परिचारिकेला त्याची मात्रा ठाऊक असते का, दंश झालेला शेतमजूर आधी केंद्रात येतो की मांत्रिकाकडे जातो, आणि केंद्रापर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो, हे प्रश्न आरोग्यसेवा संशोधनाच्या कक्षेत येतात. यांपैकी एकही दुवा तुटला तर औषधाचा शोध त्या रुग्णापुरता निष्फळ ठरतो.

या विद्याशाखेत वैद्यक, साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र एकत्र येतात. त्यामुळे तिच्यातील संशोधक डॉक्टरच असला पाहिजे असे नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या शाखेच्या आरंभीच्या लेखनात अमेरिकेतील केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६१ मधील लेख महत्त्वाचा मानला जातो. एका महिन्यात दर १,००० प्रौढांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही आजार वा दुखापत होते, सुमारे २५० जण डॉक्टरांकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि अवघा १ जण विद्यापीठाशी संलग्न मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, असा अंदाज त्यांनी मांडला. वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन मात्र प्रामुख्याने त्या शेवटच्या एका रुग्णाभोवती फिरत असते, ही विसंगती या आकड्यांनी उघड केली.

१९६६ मध्ये अव्हेदिस डोनाबेडियन यांनी सेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि फलित ही त्रिसूत्री दिली. इमारत, मनुष्यबळ आणि साधने ही रचना. रुग्णावर प्रत्यक्ष काय उपचार झाले ती प्रक्रिया. आणि रुग्ण बरा झाला की नाही हे फलित. १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटेलसन यांनी व्हरमाँट राज्यातील शेजारशेजारच्या भागांत शस्त्रक्रियांच्या प्रमाणात मोठी तफावत असल्याचे दाखवले. ही तफावत केवळ आजारांच्या प्रमाणावरून स्पष्ट होत नव्हती. डॉक्टरांच्या सवयी आणि खाटांची उपलब्धता यांचाही तीत वाटा होता. १९८९ मध्ये अमेरिकेत या विषयासाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था स्थापन झाली. ती विद्यापीठांना अनुदान देऊन पीएच.डी.पूर्व आणि पीएच.डी.-उत्तर प्रशिक्षणाला साहाय्य करीत आली आहे.

भारतात १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने आरोग्यसेवेच्या रचनेचा व्यापक विचार मांडला. पुढे १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि सेवांच्या वापराविषयी देशव्यापी माहिती मिळू लागली. २००७ मध्ये केंद्र शासनाने आरोग्य संशोधनासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

महाराष्ट्रातील परंपरा

'अधिछात्रवृत्ती' हा शब्द रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्रात गावात राहून आरोग्यसेवेचा अभ्यास करण्याची परंपरा निर्माण झाली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित स्त्रिया प्रशिक्षणानंतर प्राथमिक आरोग्यसेवा देऊ शकतात, हे या प्रकल्पाने दाखवले. पुढे देशोदेशींचे कार्यकर्ते तेथे शिकण्यासाठी येऊ लागले. कोकणात, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात, सुघटनशल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात अशाच स्वरूपाचा प्रयोग केला. पुणे जिल्ह्यातील वढू येथे के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथे २००२ पासून २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवली जाते. अशी दीर्घकालीन नोंद हे नव्या संशोधकासाठी अमूल्य शिक्षणसाधन असते.

गडचिरोली येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेली दोन संशोधने या विद्याशाखेतील अभिजात उदाहरणे मानता येतील. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक अथवा लैंगिक आरोग्याशी संबंधित आजार आढळले. पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. गरज आणि सेवा यांतील अंतर या दोन आकड्यांत सामावले आहे.

दुसऱ्या अभ्यासात ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. सेवा दिलेल्या गावांतील नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास पूर्वीइतकाच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून 'आशा' कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला. गावातील निरीक्षण, मोजमाप, तुलना आणि अखेरीस धोरण असा पूर्ण प्रवास या उदाहरणात दिसतो.

मुंबईतील 'सेहत' या संस्थेशी संबंधित सुनील नांदराज आणि रवी दुग्गल यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांच्या भौतिक दर्जाचा अभ्यास केला. डोनाबेडियन यांच्या त्रिसूत्रीतील 'रचना' या अंगाचे ते मराठी प्रदेशातील ठळक उदाहरण आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

या अधिछात्रवृत्तीचा कालावधी योजनेनुसार साधारणतः दोन ते पाच वर्षांचा असतो. प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पुढील घटक बहुतेक ठिकाणी आढळतात.

प्रश्नाची निवड : संशोधक आरंभीचा काळ सेवास्थळी घालवतो. बाह्यरुग्ण विभागातील रांग, औषधभांडाराची नोंदवही, परिचारिकेची गृहभेट, रुग्णवाहिकेचा प्रवास यांचे निरीक्षण करून तो प्रश्न निश्चित करतो.

माहितीसंकलन : सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार करणे, तिची स्थानिक बोलीत चाचणी घेणे, मुलाखती आणि गटचर्चा घेणे, तसेच शासकीय आरोग्य माहिती प्रणालीतील नोंदी तपासणे.

विश्लेषण : संख्याशास्त्रीय पद्धती, खर्च आणि परिणामकारकता यांची तुलना, मुलाखतींचे अर्थनिर्णयन.

नैतिकता : संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती आणि गोपनीयता. भारतात यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली जातात.

निष्कर्षांचा विनियोग : शोधनिबंधाखेरीज आरोग्य अधिकाऱ्यांसाठी संक्षिप्त टिपण लिहिणे, ग्रामसभेत निष्कर्ष मांडणे आणि पुढील संशोधनासाठी स्वतंत्र प्रस्ताव तयार करणे.

पीएच.डी.मध्ये संशोधक एका प्रश्नाचा सखोल अभ्यास करतो. अधिछात्रवृत्तीच्या काळात तो सेवा देणाऱ्या यंत्रणेबरोबर काम करायला शिकतो. अधिकाऱ्यांची बदली होते, औषधांचा पुरवठा खंडित होतो, पावसात रस्ता बंद होतो, निवडणुकीत कर्मचारी अन्य कामांवर जातात. अशा परिस्थितीत विश्वासार्ह माहिती कशी मिळवावी, याचे उत्तर केवळ पुस्तकातून मिळत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा : अभ्यासक्षेत्र म्हणून

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. ओरोस हे त्याचे मुख्यालय असून जिल्ह्यात सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, देवगड, कणकवली, वैभववाडी आणि दोडामार्ग हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,४९,६५१ होती. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती. म्हणजे दहा वर्षांत ती घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, असे २०११ मधील प्रमाण होते. रोजगारासाठी मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांची दीर्घ परंपरा हे यामागील एक कारण आहे.

या आकड्यांचा संशोधनपद्धतीशी थेट संबंध आहे. गणेशचतुर्थीत किंवा शिमग्यात मालवण तालुक्यातील एखाद्या वाडीचे सर्वेक्षण केले तर घरे भरलेली दिसतील, तरुण माणसे भेटतील आणि आजारी वृद्धाला दवाखान्यात नेणारे कोणी तरी असेल. तेच सर्वेक्षण आषाढात केले तर त्याच घरात अनेकदा एखादी वृद्ध स्त्री एकटी आढळेल. 'घरातील सदस्य' कोणास म्हणावे, नेहमी राहणाऱ्यास की आदल्या रात्री मुक्कामास असलेल्यास, याची व्याख्या आधी निश्चित न केल्यास सेवेची गरज आणि तिचा वापर या दोहोंचे चित्र चुकते. मच्छीमार कुटुंबांबाबत मासेमारीचा हंगामही लक्षात घ्यावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. रक्तदाबासारख्या आजारासाठी दरमहा औषध न्यावयाचे असेल तर दवाखान्याची वेळ होडी किनाऱ्याला लागण्याच्या वेळेशी जुळते का, हा येथील संशोधकाच्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे.

बोलीचाही विचार आवश्यक ठरतो. छापील प्रश्नावलीतील 'गेल्या पंधरा दिवसांत आपणांस ज्वर होता काय?' या वाक्याला मालवणी बोलणारी आजी नकार देईल आणि लगेच अंगात कणकण असल्याचे सांगेल. प्रश्नावली आधी बोलीत तपासून घेण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

माकडताप : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हा गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. सामान्य लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यातील केर गावात त्याचा उद्रेक झाला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले. हा रोग उन्हाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यात अधिक आढळतो. त्याच सुमारास काजूचा हंगाम असतो आणि माणसांचा बागांत व रानात वावर वाढतो. विषाणू ओळखणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. मेलेले माकड दिसल्याची वार्ता आरोग्य केंद्रापर्यंत किती दिवसांत पोहोचते, रक्तनमुना सह्याद्रीपलीकडे पाठवून अहवाल कधी येतो, काजू गोळा करणारी मजूर स्त्री हंगामातील रोजंदारी बुडवून तपासणीला जाते का, हे मात्र आरोग्यसेवेचे प्रश्न आहेत. लेप्टोस्पायरोसिस हा शेतातील चिखलपाण्याशी संबंधित रोगही जिल्ह्यात आढळतो. त्यातही उपचार लवकर सुरू होण्यावर बरेच काही अवलंबून असते.

राज्यसीमा आणि उपचार : दक्षिण सिंधुदुर्गातील अनेक रुग्ण गंभीर आजारात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. गोवा शासनाने जानेवारी २०१८ पासून परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू केले. त्यानंतर दोडामार्ग येथे जनआंदोलन झाले आणि दोन राज्यांच्या आरोग्ययोजनांची सांगड कशी घालावी, हा विषय पुढे आला. सेवेपर्यंतचे अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. शुल्क, कागदपत्रे आणि राज्याची सीमा यांचाही त्यात समावेश होतो, हे या घटनेतून स्पष्ट होते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात 'तीन विलंबां'ची मांडणी केली : उपचार घेण्याचा निर्णय होण्यास विलंब, रुग्णालयात पोहोचण्यास विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास विलंब. खाड्या, घाट, विखुरलेल्या वाड्या आणि घरात एकटी राहणारी वृद्ध माणसे असलेल्या या जिल्ह्यात हे तिन्ही विलंब वेगवेगळे मोजावे लागतात, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मुख्यतः दुसरा विलंब कमी करू शकते. पहिल्या आणि तिसऱ्या विलंबासाठी अन्य उपाय योजावे लागतात.

भारतातील संधी आणि पात्रता

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आपल्या संस्थांमध्ये नुकतीच पीएच.डी., एम.डी. किंवा एम.एस. पूर्ण केलेल्या तरुण संशोधकांना पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती देते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची या स्वरूपाची अधिछात्रवृत्ती समाजशास्त्र, अर्थशास्त्र आदी विषयांच्या अभ्यासकांसाठी असून आरोग्यविषयक प्रश्नही तिच्या कक्षेत येऊ शकतात. २००८ मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी स्थापन केलेल्या 'इंडिया अलायन्स'ने रुग्णचिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या ठेवल्या. मुंबईत देवनार येथे १९५६ पासून कार्यरत असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते; तेथेही पीएच.डी.-उत्तर संशोधनाची सोय आहे.

जवळच्या स्वरूपाचे परंतु पीएच.डी. आवश्यक नसलेले कार्यक्रमही आहेत. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००१ पासून चालतो. दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये साथरोग गुप्तवार्ता सेवेचे प्रशिक्षण सुरू केले. दोन्हींत प्रत्यक्ष कामातून शिकण्यावर भर असतो.

वयोमर्यादा, पदवीनंतरची वर्षे आणि विद्यावेतन यांचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने इच्छुकांनी संबंधित संस्थेची चालू जाहिरात पाहणे आवश्यक असते. अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टींची पूर्वतयारी सामान्यतः उपयोगी पडते : मार्गदर्शक होण्यास तयार असलेली अनुभवी व्यक्ती आणि माहिती देण्यास राजी असलेली सेवासंस्था अथवा आरोग्य विभाग.

मर्यादा आणि टीका

या अधिछात्रवृत्त्यांचे आश्रयस्थान असलेल्या संस्था मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. त्यामुळे प्रश्न जिल्ह्यात आणि संशोधक शहरात अशी विभागणी होते. गावाला दोन-चार भेटी देऊन 'क्षेत्रकार्य' पूर्ण झाले असे मानण्याचा धोका त्यातून संभवतो. अधिछात्रवृत्ती संपल्यावर कायम पद मिळण्याची शाश्वती नसते आणि संशोधक निघून गेला की त्याने उभारलेली नोंदपद्धतीही अनेकदा मागे पडते.

दुसरी मर्यादा भाषेची आहे. निष्कर्ष बहुधा इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध होतात. ज्यांनी माहिती दिली ते ग्रामस्थ, आशा कार्यकर्ती आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्यापर्यंत ते मराठीत क्वचितच येतात. वारंवार सर्वेक्षणे होऊनही त्यांचे पुढे काय झाले हे न कळल्यास लोकांचा सहभाग कमी होतो आणि पुढील संशोधकाचे काम अवघड होते. म्हणूनच प्रशिक्षणात निष्कर्ष स्थानिक भाषेत परत देण्याच्या जबाबदारीचा समावेश असावा, असे प्रतिपादन केले जाते.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा आहे. ज्या यंत्रणेच्या त्रुटी दाखवायच्या तिच्याच सहकार्यावर संशोधकाचे काम अवलंबून असते. उणिवा लपवल्या तर संशोधनाचे मोल राहत नाही, आणि व्यक्तींवर दोषारोप केला तर यंत्रणेची दारे बंद होतात. नोंदींचा आदर राखून दोष व्यक्तीत आहे की व्यवस्थेत याचा निवाडा करणे, हे या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड कौशल्य मानता येईल. पुरावा गोळा करतानाच त्याचा उपयोग करणाऱ्या अधिकाऱ्यांना सहभागी करून घेणे आणि वढूप्रमाणे नोंदी दीर्घकाळ एकाच ठिकाणी राखणे, हे या मर्यादांवरील दोन व्यवहार्य उपाय आहेत.